पहिलं चेकबुक हातात आलं की चेक कसा लिहायचा

चहाचे दहा रुपयेही यूपीआयने जातात, तर चेक शिकायचा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण भाड्याच्या घराचं डिपॉझिट द्यायची वेळ येते, फ्लॅटच्या बुकिंगची रक्कम भरायची असते, नाहीतर नव्या नोकरीत एचआर सांगतं, "एक कॅन्सल्ड चेक जोडा." मग कपाटातलं चेकबुक शोधावं लागतं. शाळेत-कॉलेजात हे कोणी शिकवलेलं नसतं आणि चूक झाली तर ती थेट पैशात मोजावी लागते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

चेक म्हणजे तुम्ही तुमच्या बँकेला दिलेला लेखी हुकूम: माझ्या खात्यातून अमक्याला इतके रुपये द्या. सही जुळली आणि खाडाखोड दिसली नाही, की वर जे लिहिलेलं असेल ते बँक पाळते. त्यातला एखादा शब्द तुमच्यानंतर कोणी घुसडला असला, तरी अक्षर सारखं असेल तर तो पकडणं अवघड असतं. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच सावधगिरी आहे. चेकवर दुसऱ्याला लिहायला जागा ठेवायची नाही.

कोरा चेक आधी नीट बघा

चेकबुक मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे पानं मोजणं आणि त्यांचे क्रमांक ओळीने आहेत का ते पाहणं. मग छापलेलं नाव, खाते क्रमांक आणि शाखा तपासा. शाखेचा आयएफएससी कोडही चेकवर छापलेला असतो.

चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर वेगळ्याच वळणाचे आकडे दिसतात. ते चुंबकीय शाईचे असतात आणि यंत्राला वाचण्यासाठी असतात. पहिले सहा आकडे चेकचा क्रमांक. पुढचे नऊ म्हणजे एमआयसीआर कोड: तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. शहराचे आकडे पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांसारखेच असतात, म्हणजे मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४०. त्यानंतर खात्याशी जोडलेले सहा आकडे येतात आणि शेवटचे दोन आकडे व्यवहाराचा प्रकार सांगतात. बचत खात्याच्या चेकवर तिथे बहुधा ३१ असतं, चालू खात्याच्या २९. या पट्टीवर काही लिहू नका, शिक्का मारू नका, स्टेपल लावू नका, तिथे घडीही घालू नका.

चेक उजेडासमोर धरला की कागदात 'सीटीएस-इंडिया' अशी अक्षरं दिसतात. सीटीएस म्हणजे चेक ट्रंकेशन सिस्टीम. पूर्वी चेकचा कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायचा. आता जिथे तो भरला जातो तिथेच थांबतो आणि पुढे फक्त त्याची स्कॅन केलेली प्रतिमा जाते. तुमचा चेक पास करणारा माणूस बहुतेक वेळा कागद हातात न घेता पडद्यावरचं चित्र बघून निर्णय घेतो. म्हणून गडद शाईचं पेन आणि सुटं, स्पष्ट अक्षर लागतं. फिकट शाई किंवा अक्षरांवर आलेला रबरी शिक्का याने चेक उगाच परत येतो. घरात २०१० च्या आधीचं, या खुणा नसलेलं चेकबुक पडलं असेल तर ते बँकेत परत करा. तसले चेक क्लिअरिंगमध्ये, म्हणजे एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेतून वटवताना, आता चालत नाहीत.

मराठीत लिहिलेला चेक चालतो का?

चालतो. चेकचा नमुना हिंदी-इंग्रजीत छापलेला असला, तरी ग्राहकाने चेक हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहावा, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. महाराष्ट्रातल्या शाखेत मराठीत लिहिलेला चेक भाषेचं कारण सांगून कोणी नाकारला, तर शांतपणे शाखा व्यवस्थापकांकडे जा. तो तुमचा हक्क आहे आणि तो वापरला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. इतकंच काय, राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे शक संवताची तारीख घातलेला चेकही बँकांनी स्वीकारायचा असतो.

फक्त व्यवहाराच्या सोयीचा विचार करा. चेक पहिल्यांदा वाचते ती समोरच्या माणसाची बँक. ती चेन्नईत किंवा कोलकात्यात असेल, तर इंग्रजीत लिहिलेलं बरं. आणि एका चेकवर शक्यतो एकच भाषा ठेवा.

तारीख

वर उजवीकडे आठ चौकोन असतात: दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार वर्षाचे. ५ ऑगस्ट असेल तर ०५ आणि ०८, शून्यासकट. अमेरिकेत बरीच वर्षं राहून आलेल्यांनी इथे जपून लिहावं. तिकडे महिना आधी लिहितात, आणि तसं झालं तर ५ ऑगस्टचा चेक ८ मे चा होऊन बसतो.

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. १ एप्रिल २०१२ च्या आधी ही मुदत सहा महिने होती, आणि घरातली ज्येष्ठ माणसं अजून तेच सांगतात. पुढची तारीख घालून चेक देता येतो आणि त्या तारखेआधी तो वटत नाही. पण असा चेक दिला तर ती तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. आपण विसरतो, घेणारा विसरत नाही.

तारीख न घालता चेक देऊ नका. "तारीख मी टाकतो" म्हणणाऱ्याला पैसे कधी उचलायचे ते ठरवायची मोकळीक मिळते.

नाव, आणि त्याच्या मागचे तीन शब्द

'पे' किंवा 'अदा करें' या शब्दांना लागून, मध्ये जागा न सोडता नाव लिहायला सुरुवात करा. ज्याला चेक द्यायचा त्याच्या बँक खात्यावर जसं नाव आहे, तसंच लिहा. लग्नातल्या आहेराच्या चेकमध्ये ही गडबड हमखास होते. नवरीचं खातं माहेरच्या नावावर असतं आणि पाहुणे हौसेने सासरचं नाव लिहून चेक देतात. मग तो चेक भरताना अडतो. विचारून लिहिलं तर कोणाला वाईट वाटत नाही. सोसायटीला चेक देताना तिचं नोंदणीकृत पूर्ण नाव लिहा, 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' या शेपटासकट.

बँक, विमा कंपनी यांसारख्या मोठ्या संस्थेला चेक देताना नुसतं संस्थेचं नाव लिहून थांबू नका. पुढे तुमचा कर्ज खाते क्रमांक, पॉलिसी क्रमांक किंवा क्रेडिट कार्डाचा क्रमांक घाला. नुसत्या नावाचा चेक वाटेत कोणाच्या हाती लागला, तर तो त्याच संस्थेतल्या दुसऱ्याच्या खात्यात भरला जाऊ शकतो. नाव संपलं की उरलेल्या जागेत ओळीच्या शेवटापर्यंत आडवी रेघ ओढा.

आता त्याच ओळीच्या शेवटी छापलेले हिंदी शब्द बघा: 'या धारक को', म्हणजे 'किंवा चेक ज्याच्या हातात असेल त्याला'. बहुतेक लोक वर्षानुवर्षं चेक लिहितात आणि या शब्दांकडे त्यांचं लक्षच जात नाही. ते तसेच ठेवले आणि चेकवर रेघा मारल्या नाहीत, तर तो बेअरर चेक होतो. म्हणजे जो कोणी तो घेऊन तुमच्या बँकेच्या काउंटरवर जाईल, त्याला रोख पैसे मिळू शकतात. चेक रिक्षात पडला, तर ज्याला सापडला त्याला मिळू शकतात.

हे शब्द खोडले की चेक ऑर्डर चेक होतो. मग पैसे नाव असलेल्या माणसाला, किंवा त्याने मागे सही करून ज्याच्या नावे केला त्याला, ओळख पटवूनच मिळतात. त्यापुढे डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन तिरक्या समांतर रेघा मारल्या की तो क्रॉस चेक झाला. त्याची रोख काउंटरवर मिळत नाही, रक्कम कुठल्यातरी खात्यातच जमा व्हावी लागते, आणि त्यामुळे पैसे कोणी उचलले याचा माग राहतो. त्या रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलं की ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात रक्कम जाते, दुसऱ्या कोणाच्या नाही. पतसंस्थांच्या सभासदांसाठी मात्र एक सवलत आहे. पतसंस्थेच्या सभासदाच्या नावाचा ५०,००० रुपयांपर्यंतचा अकाउंट पेयी चेक बँक त्या पतसंस्थेच्या खात्यात वसूल करून देऊ शकते.

माझा सल्ला सरळ आहे. स्वतःसाठी रोख काढायची नसेल, तर प्रत्येक चेकवर सगळ्यात आधी, नाव लिहिण्याच्याही आधी, दोन रेघा आणि 'अकाउंट पेयी' घाला. नंतर घालू म्हटलं की राहून जातं. आयकराच्या दृष्टीनेही ते बरं. कोणाकडून २०,००० रुपये किंवा जास्त उसने घ्यायचे असतील तर ते रोखीने घेता येत नाहीत, आणि अकाउंट पेयी चेक हा त्याचा मान्य मार्ग आहे.

स्वतःच्या खात्यातून रोख काढायची असेल तर नावाच्या जागी 'सेल्फ' किंवा 'स्वतः' लिहा आणि रेघा मारू नका. हा चेक बँकेत पोचून काउंटरसमोर उभं राहिल्यावरच लिहावा.

रक्कम: फसवणूक होते ती इथेच

समजा तुम्हाला नऊ हजारांचा चेक द्यायचा आहे. रुपयाच्या चौकोनात तुम्ही मधोमध, ऐसपैस ९,००० लिहिलं आणि अक्षरी ओळीत बोटभर जागा सोडून 'नऊ हजार'. आता कोणी चौकोनात डावीकडे '१,०' वाढवलं आणि ओळीच्या सुरुवातीला 'एक लाख' लिहिलं, तर तुमचा चेक १,०९,००० रुपयांचा झाला. एकही अक्षर खोडावं लागलं नाही आणि सही तर तुमचीच आहे.

म्हणून आकडा रुपयाच्या चिन्हाला चिकटवून लिहा आणि शेवटी '/-' करून बंद करा: ९,०००/-. अक्षरी रक्कम छापलेल्या 'रुपये' शब्दाला लागून सुरू करा, शब्दांत फार अंतर ठेवू नका, शेवटी 'फक्त' लिहा आणि उरलेली जागा रेघेने भरा. दुसरी ओळ रिकामी राहिली असेल तर तिच्यावरही रेघ. रक्कम मोठी असेल आणि दुसऱ्या ओळीवर जाणार असेल, तर पहिली ओळ काठोकाठ भरूनच खाली या. देवनागरीत १ चा ९ करणं एका वळणाचं काम आहे, तेव्हा १ नीट, ठळक काढा.

अक्षरी रक्कम लिहिताना अनेक मुलं एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अडखळतात. एकोणसाठ म्हणजे ५९, एकोणसत्तर म्हणजे ६९. खात्री नसेल तर आधी कच्च्या कागदावर लिहून कोणाला तरी दाखवा, चेकवर प्रयोग नको. पैसे लिहायचे असतील तर 'बाराशे पन्नास आणि पैसे पन्नास फक्त' असं लिहायचं.

अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर? १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा सांगतो की अक्षरी रक्कम खरी धरायची. पण या नियमावर विसंबू नका. प्रत्यक्षात बँक 'अंकी व अक्षरी रक्कम जुळत नाही' असा शेरा मारून चेक परत करते.

नाव किंवा रक्कम चुकली तर खोडून शेजारी सही करायची जुनी पद्धत आता चालत नाही. मुदत वाढवण्यासाठी तारखेत केलेला बदल सोडला, तर सीटीएसमध्ये खाडाखोडीचा चेक पास होत नाही. चुकलेल्या चेकवर 'रद्द' लिहा, तळाच्या पट्टीतून तो फाडा आणि नवा घ्या.

सही, आणि पेन कोणाचं?

सही सगळ्यात शेवटी, बाकी सगळं भरून एकदा वाचून झाल्यावर. ती बँकेत नोंदवलेल्या सहीसारखीच हवी. खातं कॉलेजच्या पहिल्या वर्षात उघडलं असेल आणि सही आता बदलली असेल, तर आधी शाखेत जाऊन नवी नोंदवा. संयुक्त खात्यात दोघांच्या सह्या लागतात की एकाची पुरते, हे खातं उघडताना काय लिहून दिलं होतं त्यावर ठरतं.

पेन स्वतःचं वापरा. कर्ज मिळवून देतो म्हणत घरी येणारा एजंट आपल्या पेनाने चेक भरतो, वर 'कॅन्सल्ड' लिहितो आणि सहीसाठी मात्र तुमचं पेन घ्यायला लावतो, अशी फसवणूक शहरोशहरी झालेली आहे. त्याची शाई पुसली जाणारी असते. तो गेल्यावर चेक कोरा होतो आणि सही तेवढी राहते.

कॅन्सल्ड चेकवर सही करायची गरजच नसते. कोऱ्या चेकवर आडव्या दोन रेघा, मध्ये मोठ्या अक्षरात 'कॅन्सल्ड' किंवा 'रद्द', एवढंच. खाते क्रमांक, आयएफएससी आणि तळाची पट्टी वाचता आली पाहिजे, कारण मागणाऱ्याला तेच हवं असतं.

सही केलेला कोरा चेक कोणालाही देऊ नका. कर्ज देताना 'तारण म्हणून' असे चार-पाच चेक मागण्याची रीत आहे, आणि गरजू माणूस निमूट सह्या करून देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की सही केलेला कोरा चेक एखाद्या देण्यापोटी स्वेच्छेने दिला असेल, तर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला म्हणून सही करणाऱ्याची जबाबदारी टळत नाही. चेक द्यावाच लागला, तर त्यावर नाव आणि रक्कम घाला, अकाउंट पेयी करा आणि चेक क्रमांक, रक्कम व कारण लिहिलेली सही-शिक्क्याची पोच घ्या.

चेक देऊन झाल्यावर

स्थळप्रतीवर (चेक फाडल्यावर चेकबुकात उरणाऱ्या तुकड्यावर), किंवा चेकबुकातल्या नोंदीच्या पानावर, तारीख, नाव, रक्कम आणि कारण त्याच मिनिटाला लिहा. चेकचा फोटोही काढून ठेवा.

रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह पे करा. १ जानेवारी २०२१ पासून ही सोय आहे. चेक क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम तुम्ही बँकेला ॲपवरून, नेट बँकिंगवरून किंवा शाखेत जाऊन आधीच कळवायची. चेक आल्यावर बँक ताडून बघते. ५ लाखांपासून पुढे बँका हे सक्तीचं करू शकतात. तसं असेल आणि तुम्ही कळवलं नाही, तर खात्यात पैसे असूनही चेक परत जाऊ शकतो.

आणखी एक सवय मोडायला हवी. "आज चेक देतो, वटायला दोन दिवस लागतील, तोवर पगार जमा होईल" हा हिशेब आता चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात. दिवसाच्या ठरलेल्या वेळात पाठवलेल्या चेकवर तुमच्या बँकेने त्याच दिवशी होय-नाही सांगायचं असतं. चेक देता त्या दिवशीच खात्यात पैसे हवेत.

चेक हरवला तर लगेच ॲपवरून किंवा शाखेतून पेमेंट थांबवा आणि त्याची पोच ठेवा. पण खरं देणं असताना ते टाळण्यासाठी पेमेंट थांबवलं, तर तोही कायद्याच्या नजरेत चेक न वटल्यासारखाच धरला जातो.

तुम्हाला कोणी चेक दिला तर

देणारा समोर असतानाच वाचा: तारीख, तुमचं नाव, अंकी आणि अक्षरी रक्कम, सही, खाडाखोड. तीन महिन्यांची वाट बघू नका, त्याच आठवड्यात भरा. चेकच्या मागे तुमचा खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक लिहा, स्लिप जोडा. पेटीत टाकून निघून येण्यापेक्षा काउंटरवर द्या आणि पोचपावती मागा. पेटी ठेवली असली तरी मागणाऱ्याला बँकेने पोच द्यायची असते.

चेक न वटता आला तर बँक मेमो देते, त्यावर कारण असतं. सही जुळली नाही किंवा तारीख चुकली असेल, तर माणसाला फोन करून नवा चेक घ्या. पैसे नव्हते म्हणून परत आला असेल, तरी मुदतीत पुन्हा भरता येतो. देणारा टाळाटाळ करू लागला तर मात्र त्याच १८८१ च्या कायद्यातलं कलम १३८ आणि त्यातल्या मुदती लक्षात ठेवा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत त्याला लेखी नोटीस जायला हवी, शक्यतो स्पीड पोस्टाने. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस मिळतात. त्यातही पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते, आणि ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम कायदेशीर देण्यापोटी दिलेल्या चेकलाच लागतं. आहेराचा चेक वटला नाही, तर या कलमाखाली जाता येत नाही.

मेमो हातात पडला की त्यावर तो मिळाल्याची तारीख लिहा आणि चेक, मेमो, पाकीट सगळं एकत्र ठेवा. ३० दिवसांची मोजणी तिथून सुरू होते, आणि वकील तुमच्याकडे पहिल्यांदा तेच कागद मागतील.